भाव चढला की बिघडणारा काटा: एका जिनिंगमधल्या प्रोग्रामची चिरफाड

पावतीवर निव्वळ वजन ३,२४० किलो, दर ७,०२० रुपये आणि देय रक्कम उणे २,०२,०४८ रुपये ७२ पैसे. म्हणजे शेतकऱ्यानं बत्तीस क्विंटल कापूसही घालायचा आणि वरून जिनिंगला दोन लाख रुपयेही द्यायचे! ही पावती काटाघरातल्या खिळ्याला टोचलेली होती, तशाच आणखी काही पावत्यांसोबत. मला मात्र तिच्यासाठी बोलावलं नव्हतं. उणे रकमेची तक्रार या वेळी कोणी केलीच नव्हती. ती लगेच दिसते, काटेवाला दुसरी पावती करतो, काम पुढं जातं. मला बोलावणं आलं ते पंधराशे रुपयांच्या एका कटतीवरून.

जागा यवतमाळ जिल्ह्यातली, तालुक्याच्या गावाबाहेरची एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. काळ २०२४ च्या फेब्रुवारीची अखेर. चांगला कापूस संपत आलेला आणि फरदड, म्हणजे हंगामाच्या शेवटी निघणारा हलका कापूस, सुरू झालेली. मी वर्ध्याला राहतो. संगणक, प्रिंटर, काट्याचे इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारी पेटी) यांची दुरुस्ती करतो, आणि जमेल तेव्हा जुन्या प्रोग्रामांत हात घालतो. हे प्रकरण लिहून ठेवतोय, कारण त्यात कोड न चालवता नुसता वाचून चुका शोधणारी साधनं वापरली आणि त्यांनी काय दिलं, काय दिलं नाही, हे दोन्ही नीट दिसलं.

बाईंच्या हातातल्या दोन पावत्या

एक शेतकरी बाई बंडीत फरदड घेऊन आल्या होत्या. वजन ८४० किलो, दर ६,२०० रुपये. पावतीवर ओलाव्याची तीन टक्के कटती, म्हणजे २५ किलो २०० ग्रॅम कापूस वजा, १,५६२ रुपये ४० पैसे कमी. या जिनिंगमध्ये फरदडीचा ओलावा मोजतच नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो माल कोरडाच असतो आणि दरही डोळ्यानं पाहून कमीच लावलेला असतो. चांगल्या कापसाला मात्र मीटर लावतात. आठ टक्के ओलावा प्रमाण धरायचा, वर जितके टक्के तितकी कटती, बारावर गेला तर माल परत. कापूस महामंडळाच्या खरेदीत चालतो तोच हिशेब.

बाईंच्या पुढं त्यांच्या दिराची गाडी होती. त्याच्या चांगल्या कापसाचा ओलावा अकरा भरला, कटती तीन टक्के. बाईंनी दोन्ही पावत्या टेबलावर शेजारी ठेवल्या आणि दिवाणजींना विचारलं, "माह्या मालाले मीटर लावलंच नाही. मंग दिराची कटती माह्यावर कशी आली?"

प्रश्न फार अचूक होता. दिवाणजींना वाटलं बटण चुकलं असेल. शेठजींना वाटलं काटेवाला काही तरी करतोय. काटेवाल्या काकांना फार लागलं ते. अठरा वर्षं काट्यावर बसलेला माणूस. त्यांनीच हट्ट धरला की मशीन तपासा.

काट्याचा प्रश्न नव्हता. त्याची पडताळणी झालेली होती, वैधमापनचा शिक्का जागेवर होता. पण शिक्का काट्याला लागतो. इंडिकेटरकडून आलेलं वजन तारेतून संगणकात गेलं, की पुढचा हिशेब कोण तपासतं? तो एका सी भाषेतल्या प्रोग्रामकडे होता. २०१४ साली अमरावतीला शिकणाऱ्या एका मुलानं तो सुट्टीत लिहून दिला होता, नंतर तो पुण्याला नोकरीला गेला. नऊ हजारांच्या आसपास ओळी. नशीब एवढंच की सोर्स कोड दिवाणजींच्या कपाटात, जुन्या पावतीबुकांखाली, पेनड्राइव्हमध्ये सापडला.

शेठजींचा पहिला प्रश्न, "काटा बंद ठेवावा लागेल का?" हंगाम चालू होता, दारात गाड्या उभ्या. खऱ्या काट्यावर प्रयोग करत बसणं शक्य नव्हतं. म्हणून ठरवलं की कोड घरी न्यायचा आणि न चालवता तपासायचा. स्थिर विश्लेषण म्हणतात ते हेच. कोड चालला तर कोणत्या वाटांनी जाऊ शकतो आणि त्या वाटांवर काय होऊ शकतं, हे साधन कागदावरच पडताळून बघतं. ट्रॉली लागत नाही, प्रिंटर लागत नाही.

कंपायलरचं तोंड बांधलेलं

मेकफाइल, म्हणजे कोडपासून प्रोग्राम कसा बांधायचा हे सांगणारी फाइल, उघडली आणि पहिल्या मिनिटाला एक गोष्ट सापडली. जीसीसी या कंपायलरला (कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाला) दिलेल्या पर्यायांत एक हायफन आणि लहान डब्ल्यू होता. त्याचा अर्थ, कोणताही इशारा देऊ नकोस. नंतर त्या मुलाशी फोनवर बोललो तेव्हा त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की प्रिंटरच्या लायब्ररीमधून इशाऱ्यांच्या इतक्या ओळी यायच्या की स्वतःच्या चुका त्यात दिसेनात, म्हणून वैतागून सगळंच बंद केलं. मी त्याला दोष देत नाही. मीही हे केलंय.

तो पर्याय काढला, इशारे मागणारे ‘डब्ल्यू-ऑल’ आणि ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ लावले. नावात ऑल असलं तरी त्यात सगळे इशारे नसतात, हे माहीत नसलेले बरेच जण भेटतात. साडेचारशेच्या वर इशारे आले. वापरात नसलेली चलं (किंमत साठवायच्या नाव दिलेल्या जागा), चिन्हासहित आणि बिनचिन्ह संख्यांची तुलना, छपाईच्या फॉर्मॅटमधले फरक. कटतीबद्दल एक अक्षर नाही.

इथं मी जवळजवळ अर्धा दिवस वाया घालवला. कटतीचं फंक्शन, म्हणजे कटती ठरवणारा कोडचा तुकडा, डोळ्यानं वाचत बसलो. मग आठवलं की चलाला किंमत न देता ते वापरलं जाण्याची शक्यता आहे का, हा इशारा जीसीसी मुख्यतः ऑप्टिमायझेशन (प्रोग्राम वेगवान करण्यासाठी कंपायलरनं केलेली काटछाट) चालू असतानाच देऊ शकतो. किंमत कुठून कुठे वाहते याचं विश्लेषण त्या टप्प्यात होतं. हा प्रोग्राम मात्र ऑप्टिमायझेशनशिवाय बांधला जात होता. ते चालू करणारा ‘ओ-दोन’ पर्याय लावून पुन्हा बांधला आणि साडेचारशेच्या गर्दीत एक नवी ओळ आली: कटती हे चल किंमत न मिळताच वापरलं जाऊ शकतं.

फंक्शनमध्ये मालाच्या प्रकाराचा स्विच होता, म्हणजे प्रकारानुसार वेगळी वाट घेणारी रचना. प्रकार एक, दोन, तीन यांत कटती ठरत होती. प्रकार चार नंतर कधी तरी जोडलेला. त्यात दराचं काम होतं, कटतीचं नव्हतं.

काकांना फोन केला. "काका, चार नंबर कोणत्या मालाला दाबता?"

"फरदडीले."

सी भाषेत फंक्शनच्या आतल्या साध्या चलाला आपण किंमत दिली नाही तर ते कोरं नसतं. स्मृतीतली तीच जागा आधी कोणी वापरली असेल, त्याचं उष्टं तिथं पडलेलं असतं. हेच फंक्शन दिरासाठी चाललं तेव्हा त्या जागी तीन टक्के लिहिले गेले. बाईंसाठी चाललं तेव्हा कोणी काही लिहिलंच नाही, आणि तीन टक्के तसेच उचलले गेले. मग प्रत्येक फरदडीला असं का होत नव्हतं? कारण दोन पावत्यांच्या मधे छपाई किंवा इंडिकेटरचं वाचन त्याच जागेवरून गेलं तर तिथं भलताच आकडा यायचा, आणि त्या मुलानं एक शहाणपण केलं होतं. कटती मर्यादेबाहेर दिसली तर शून्य धरायची. म्हणजे कचरा मोठा असला की हिशेब बरोबर, आणि कचरा माणसासारखा दिसला की चूक.

बाईंनी हे दोन पावत्यांवरून ओळखलं होतं. साधनानं मला ओळ क्रमांक दिला, इतकंच.

लिंट

अशा साधनांचा मूळपुरुष म्हणजे १९७८ साली बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सननं सी भाषेसाठी केलेला लिंट. कपड्याला चिकटलेले तंतू-कचरा टिपून काढावेत तसे कोडमधले बारीक दोष टिपायचे, असा त्या नावाचा भाव. जिनिंगच्या आवारात बसून हे कोणाला सांगायला गेलं तर हसू येतं. इथं लिंट म्हणजे रुई, सरकी वेगळी केल्यावर हाती येणारा खरा माल! जो शब्द तिकडे कचऱ्याचा तो इकडे गाठींत बांधून विकला जातो. साडेचारशे इशाऱ्यांसमोर मला नेमकी हीच अडचण होती. यातली रुई कोणती आणि सरकी कोणती?

हे साधनांच्या आळसामुळे होत नाही. एखादा प्रोग्राम चालताना अमुक गोष्ट करील की नाही, हे कोणत्याही प्रोग्रामबद्दल, नेहमी बिनचूक सांगणारी पद्धत असूच शकत नाही, हे हेन्री राइसनं १९५३ सालीच गणितानं सिद्ध केलं आहे. त्यामुळे प्रत्येक साधनाला एका बाजूला चुकावं लागतं. काही साधनं संशय आला की बोंब मारतात आणि निम्मी बोंब खोटी निघते. काही साधनं खात्री असल्याशिवाय बोलत नाहीत आणि खरे दोषही सोडून देतात. सीपीपीचेक हे मोफत साधन दुसऱ्या बाजूला झुकलेलं. खोटे इशारे कमी ठेवणं हे त्याच्या कर्त्यांनी जाहीरपणे ठरवलेलं उद्दिष्ट आहे. म्हणूनच ते काहीही न सांगता चालवलं तर फक्त ठाम चुका दाखवतं. बाकीच्या पातळ्या आपण मागाव्या लागतात.

मी आधी न मागता चालवलं. जवळजवळ शांतता. मग इशाऱ्यांची पातळी मागितली, तेव्हा गाडीच्या नंबराची जागा सापडली. स्कॅनएफ या मजकूर वाचणाऱ्या फंक्शननं नंबर वाचताना किती अक्षरं घ्यायची याची मर्यादा घातलेली नव्हती आणि जागा दहा अक्षरांची होती. एमएच २९ नंतर एकच अक्षर असलेल्या जुन्या गाड्यांचा नंबर नऊ अक्षरांचा, मजकूर संपल्याची खूण म्हणून सी भाषेत लागणाऱ्या शेवटच्या शून्यासह बरोब्बर दहा. दोन अक्षरांची मालिका आली की अकरा. शेजारच्या खान्यावर एक शून्य सांडत होतं. तिथं बहुतेक वेळा आधीच शून्य असायचं, म्हणून कोणाचं नुकसान झालं नाही. दुरुस्त केलं, पुढं गेलो.

जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, त्यात वाटांचा माग काढणारं एक विश्लेषक आहे. त्यानं आणखी एक दाखवलं. प्रिंटरमधला कागद संपलेला असेल तर फंक्शन मधूनच परत फिरतं आणि उघडलेली फाइल बंद होत नाही. लिनक्स या संगणक प्रणालीत एका प्रोग्रामला साधारणपणे १,०२४ फाइली एका वेळी उघड्या ठेवता येतात. गर्दीच्या दिवशी काका कागद संपलेला असताना छापा, छापा करत बटण दाबत राहायचे, आणि संध्याकाळी केव्हा तरी नोंदी साठवणंच बंद पडायचं. "रोज सांजेले मशीन बंद-चालू करा लागते" हे वाक्य मी पहिल्या दिवशी ऐकलं होतं आणि त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

तिथून मी पद्धत बदलली. इशाऱ्यांची यादी घेऊन दोन दुपारी काटाघरात काकांच्या बाजेवर बसलो. प्रत्येक इशाऱ्याचं साध्या मराठीत प्रश्नात रूपांतर करायचं आणि त्यांना विचारायचं. वजन शून्य असताना पावती कधी निघते का? नंबर न टाकता पुढं जाता येतं का? एकाच गाडीची दोनदा नोंद होते का? ते काही प्रश्नांना हसायचे, काहींना "हो, होते ना" म्हणायचे. साधन म्हणतं की या वाटेनं गेलात तर पाय घसरेल. त्या वाटेनं कोणी जातं की नाही हे त्याला कळण्याचं कारणच नाही. ते कळणारा माणूस बाजेवर चहा पीत होता. असं करत साडेचारशेतले तीसेक उरले.

"भाव चढला का मशीन पगलाते"

खिळ्यावरच्या उणे पावत्यांबद्दल मी त्याच दुपारी विचारलं.

"ते जुनंच हाय भाऊ," काका म्हणाले. "मोठी ट्रॉली आली अन् भाव चढलेला असला का मशीन पगलाते. ज्या साली कापूस दहा हजाराच्या वर गेला होता ना, त्या साली त रोजचंच होतं."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करतो, मोठ्या ट्रॉलीच्या दोन पावत्या फाडतो. अर्धं वजन इकडं, अर्धं तिकडं. मंग बराबर येते."

हे त्यांनी शेठजींनाही सांगितलं होतं. त्या वेळी सगळ्यांनी ठरवलं की गर्दीमुळे काट्यावर ताण येतोय. २०२२ च्या उन्हाळ्यात लोड सेल (काट्याखालचा वजन ओळखणारा भाग) बदलला, नवी केबल टाकली, अर्थिंग करून घेतलं. पुढच्या हंगामात त्रास खरंच कमी झाला. खर्च वसूल झाला असं समजून विषय मिटला.

घरी येऊन सीपीपीचेकला आणखी खालची, शैलीची पातळी मागितली. ही पातळी मी एरवी वाचत नाही, कारण तिथं कंसांबद्दल आणि चलांच्या व्याप्तीबद्दल उपदेश असतो. त्यात रकमेच्या ओळीवर एक इशारा होता. त्याचा मतलब असा: गुणाकार इंटमध्ये (संख्येच्या लहान मापात) झाला आणि उत्तर लाँगमध्ये (मोठ्या मापात) ठेवलं, माहिती गळू नये म्हणून लाँग घेतला असेल तर ती आधीच गळली आहे.

त्या मुलानं विचार केलेला होता. रक्कम पैशांत मोजायची, म्हणजे अपूर्णांकाची भानगड नको. वजन किलोत, दर क्विंटलमागे पैशांत. आधी गुणायचं, पुढच्या ओळीत शंभरानं भागायचं. आकडा मोठा होईल हे ओळखून उत्तरासाठी त्यानं चौसष्ट बिटांचं मोठं पातेलं घेतलं होतं. पण सी भाषेत गुणाकार कोणत्या मापात होणार हे ज्यांना गुणायचं त्या दोन संख्यांवरून ठरतं. उत्तर कुठे ठेवणार आहात याच्याशी भाषेला देणंघेणं नसतं. वजन इंट, दर इंट, म्हणून गुणाकारही बत्तीस बिटांच्या इंटमध्येच. त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. आणि ३,२४० गुणिले ७,०२,००० होतात २,२७,४४,८०,०००. वाटीत उतू गेलेलं दूध मग पातेल्यात ओतलं तर काय उपयोग! या संगणकावर आकडा वळसा घालून उणे बाजूला जात होता. भाषेच्या नियमांप्रमाणे तर इथं काय व्हावं याची काही हमीच नाही. शंभरानं भागून रुपये केले की खिळ्यावरचा उणे २,०२,०४८ रुपये ७२ पैसे हा आकडा जसाच्या तसा येतो.

मग वही घेऊन हमीभावाचे आकडे मांडले आणि काकांचं वाक्य गणितासारखं उलगडलं. २०१४-१५ ला लांब धाग्याचा हमीभाव ४,०५० होता. त्या दरानं ५३ क्विंटलच्या वर एकाच पावतीत वजन गेलं तरच आकडा उतू जाणार. शेतकऱ्याची कापसाची ट्रॉली एवढी भरत नाही, आणि व्यापाऱ्यांच्या ट्रकांचा हिशेब दिवाणजी वेगळ्या वहीत ठेवतात. त्या मुलानं चाचण्या केल्या असतील तर त्या सगळ्या बरोबरच आल्या असणार. २०२०-२१ ला हमीभाव ५,८२५ झाला, हद्द ३६ क्विंटल ८६ किलोवर आली. २०२१-२२ च्या हंगामात बाजारभाव दहा हजारांच्या पार गेला, तेव्हा हद्द २१ क्विंटल ४७ किलो! म्हणजे बऱ्यापैकी भरलेली कोणतीही ट्रॉली. पुढच्या हंगामात भाव उतरला, हद्द पुन्हा वर सरकली आणि श्रेय लोड सेलला मिळालं. २०२३-२४ च्या ७,०२० रुपयांना ती ३० क्विंटल ५९ किलोवर होती.

कोडमध्ये दहा वर्षांत त्या ओळीवर कोणी हात लावला नव्हता. बदलला तो बाजार. ४ जून १९९६ ला एरियान ५ हे युरोपचं रॉकेट पहिल्याच उड्डाणात मिनिटाच्या आत फुटलं, त्याची गोष्ट याच जातीची आहे. चौसष्ट बिटांची एक संख्या सोळा बिटांत बसवताना उतू गेली. ती प्रणाली एरियान ४ वरून उचललेली होती, आणि एरियान ४ चा आडवा वेग कधी त्या हद्दीपर्यंत पोचलाच नव्हता. नव्या रॉकेटचा पोचला. त्यांचा वेग चढला, आमचा भाव.

खात्री करण्यासाठी माझ्या लॅपटॉपवर प्रोग्रामची एक प्रत तपासनीस लावून बांधली, जो चालताना बेरीज-गुणाकार उतू गेला की ओरडतो. हे स्थिर विश्लेषण नव्हे, यात कोड चालवावा लागतो. पण जुन्या नोंदींच्या फाइली हाताशी होत्या, त्याच त्याला खाऊ घातल्या. काकांनी दोन पावत्यांत विभागलेली वजनं एकत्र केली की प्रत्येक वेळी त्याच ओळीवर ओरड. दुरुस्ती काय, तर गुणण्याआधी वजनाला मोठ्या मापात बदलायचं, एका शब्दाची भर. कटतीची दुरुस्तीही एवढीच, सुरुवातीलाच शून्य.

माझी चूक

आता हे सांगायलाच हवं. दुरुस्त केलेला प्रोग्राम मी सोमवारी सकाळी काट्यावर टाकला आणि परत निघालो. बाभूळगावपर्यंत पोचलो नाही तर काकांचा फोन. "भाऊ, वजन नाचून राह्यलं. एकाच बंडीचं तीन डाव तीन वजन."

इशारे मिळावेत म्हणून मी ‘ओ-दोन’ लावलं होतं आणि तीच बांधणी तशीच नेऊन बसवली होती. मूळ कोडमध्ये वजन वाचण्याआधी एक रिकामा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा तुकडा) होता, नुसते आकडे मोजत थांबणारा. गाडी चढल्यावर काटा डोलतो, तो स्थिर व्हायला वेळ द्यायचा म्हणून. ऑप्टिमायझेशन चालू असलं की कंपायलरला असा लूप निरुपयोगी दिसतो, कारण त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. त्यानं तो काढून टाकला. काटा डोलत असतानाच वजन उचललं जाऊ लागलं.

माझ्या तीस इशाऱ्यांत या लूपबद्दल काही नव्हतं. असायचं कारणही नाही. भाषेच्या दृष्टीनं तिथं चूक नव्हती. चूक होती ती अशी, की इंडिकेटर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वजन स्थिर आहे की अस्थिर हे दोन अक्षरांत सांगत होता आणि प्रोग्राम ती अक्षरं फेकून देत होता. दहा वर्षं एका संथ संगणकाच्या संथपणावर वजन तोललं जात होतं. उलट फिरलो, जुनी बांधणी परत बसवली, आणि दोन दिवसांनी स्थिर असल्याची अक्षरं तपासणारी नवी दिली. त्या तासाभरात निघालेल्या सहा पावत्या काकांनी गाड्या पुन्हा काट्यावर घेऊन बदलल्या. एका बंडीवाल्यानं मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही.

सगळ्यात जुनी भानगड तर कोणत्याच साधनाच्या हाती लागण्यासारखी नव्हती. भरलेल्या गाडीचं वजन घेताना ड्रायव्हर आणि त्याचे दोन साथीदार वर, रिकाम्या गाडीचं घेताना खाली. दोनशे किलो कापूस हवेतून येतो. काका काच ठोकून सगळ्यांना खाली उतरवतात, तोच त्याचा उपाय.

हिशेब

कटतीचा घोळ शोधून काढणं सोपं निघालं. फरदडीला कटती नसतेच, त्यामुळे फरदडीच्या ज्या पावतीवर कटती शून्याहून जास्त ती चूक. चालू हंगामाच्या फाइलींत अशा एकोणीस पावत्या निघाल्या. शेठजींनी आधी आढेवेढे घेतले, मग बाईंसकट सगळ्यांना फरक दिला. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर उदारपणा होता असं मी म्हणणार नाही. पण पैसे दिले. आधीच्या हंगामांच्या नोंदी ज्या हार्डडिस्कवर होत्या ती लोड सेलच्या दुरुस्तीच्या वेळी बदलली गेली, जुनी भंगारात. त्या शेतकऱ्यांना तर आपलं काही गेलं होतं हेही कळलेलं नाही.

मेकफाइलमधून ती डब्ल्यूवाली सक्ती कायमची काढली. प्रिंटरच्या लायब्ररीपुरते इशारे वेगळे बाजूला केले, जे त्या मुलालाही तेव्हा करता आलं असतं. उरलेले सगळे शून्यावर आणले, म्हणजे पुढं एकही नवा आला तर नजरेत भरेल. याला कोड सुधारण्यापेक्षा जास्त वेळ लागला आणि याचे पैसे मागताना मला शब्द सापडेनात. "चुका नसलेल्या ओळी कायले बदलवल्या?" असं दिवाणजींनी विचारलं. प्रश्न वाजवी होता.

त्या मुलानं हाच प्रोग्राम त्याच वर्षी आणखी दोन जिनिंगांना दिला होता, हे त्यानं फोनवर शेवटी सांगितलं. एकीनं नंतर दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. दुसरीकडे तो अजून चालतो. माझ्याकडे दुरुस्त सोर्स आहे, पण तिथं इंडिकेटर वेगळा आहे, त्याच्यासाठी त्यानं जागेवर बरेच बदल केले होते, आणि ते बदल असलेला सोर्स कुठंच नाही. फक्त बांधलेला प्रोग्राम आहे. सीपीपीचेकला वाचायला सोर्स लागतो. बांधलेल्या प्रोग्रामवर माझ्या या साधनांचं काही चालत नाही.

नव्यानं लिहून घेईपर्यंत तिथल्या काटाघरात मी एक पुठ्ठा लावून आलो. फरदडीच्या पावतीवर कटती हातानं तपासा, असं वर लिहिलंय. खाली दर आणि हद्दीचा तक्ता आहे: सात हजारांना ३० क्विंटल ६७ किलो, साडेसातला २८ क्विंटल ६३ किलो, आठ हजारांना २६ क्विंटल ८४ किलो. २०२५-२६ चा ८,११० चा हमीभाव जाहीर झाल्यावर त्याच्याखाली पेनानं आणखी एक ओळ वाढवली, २६ क्विंटल ४७ किलो. आणि तक्त्याच्या तळाशी, काकांचीच युक्ती: याच्यावर वजन गेलं तर दोन पावत्या फाडा.